इगर्जीच्या पट्टीवरचा चंद्र

शके सतराशे पंधरा. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, आणि त्या साली माझा उजवा हात मनगटापासून जायचा होता. गेला नाही, हे लिहितोय त्यावरून दिसतंच आहे. पण जाणार, अशी खात्री एक पुरता दिवस माझ्या पोटात बसली होती, आणि त्या दिवसाइतका मी पुढे कधी भ्यालो नाही. वानवडीला लढाई झाली तेव्हा तोफांचे आवाज घरात ऐकू येत होते, तेव्हासुद्धा नाही.

हात जाणं म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नसे. बुधवार पेठेत एका ओट्याखाली एक माणूस बसायचा. त्यानं म्हणे कोणाच्या तरी नावाची खोटी मुद्रा कोरली होती. पिशवीचं तोंड दोरीनं आवळावं तसं त्याच्या मनगटाचं कातडं आवळून आलेलं होतं. माशी बसली की तो ते टोक हलवायचा, जणू बोटं अजून तिथं आहेत. बाप मला त्या वाटेनं मुद्दाम न्यायचा. म्हणायचा, "बघून ठेव. आपलं कामही कोरायचंच आहे."

आम्ही पाथरवट. नागझरीच्या काठाला आमची घरं. आजानं घाटाच्या पायऱ्या घडवल्या, बापानं देवळांच्या चौकटी केल्या. मी जाती, पाटे, वृंदावनं सगळं केलं, पण नाव झालं ते गणेशपट्ट्यांवर. दाराच्या चौकटीवर जी आडवी शिळा बसते, मध्ये गणपती असलेली, ती. शाळा म्हणाल तर पंतोजींच्या ओट्यावर थोडे दिवस बसलो आणि छडी खाऊन उठलो. अक्षरं शिकलो ती दगडावर कोरताना. म्हणून अजूनही लिहिताना कागद फाटेल इतका जोर लागतो. फाटला तर फाटला.

तर एक दिवस दारात तोफखान्यातला जमादार उभा. वसईकडचा किरिस्ताव, मिशा पांढऱ्या, एक कान तोफेनं बहिरा केलेला. त्याच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला उभं राहावं लागे. आळीतली माणसं कामं थांबवून बघायला लागली.

तो म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही दारावर गणपती बसवता ना?"

"बसवतो."

"आम्ही गणपती नाही बसवत."

"मग काय बसवता?"

"तेच तर विचारायला आलोय."

सरकारनं तोफखान्यातल्या किरिस्तावांना नागझरीपलीकडच्या माळावर इगर्ज बांधायला जागा दिली होती. चाकरी करतील तोवर वापरावी, असं सांगून दिलेली. इगर्ज म्हणजे त्यांचं देऊळ. विटांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, कौलं चढत होती, आणि दारावर मध्ये मोकळी जागा राहिली होती. ती मोकळी जागा त्याला बघवत नव्हती. म्हणाला, "रस्त्यावरून जाणारा विचारतो, हे काय आहे? कोणी म्हणतो दारूगोळ्याचं कोठार, कोणी म्हणतो घोड्यांची पागा. दारावरून कळलं पाहिजे मिस्त्री, आम्ही कोण आहोत ते."

मी हो म्हणालो. का म्हणालो ते सांगतो. आळीतला एकजण मागून म्हणाला होता, "हा घेतोय बघा, बाटतोय आता." त्यानं ते म्हटलं नसतं तर मी कदाचित नाही म्हणालो असतो.

हो म्हटलं खरं, पण माळावर पहिल्यांदा गेलो तेव्हा पाय जड झाले होते. तेव्हा तिकडं वस्ती नव्हती. निवडुंग, दगड आणि वारा. इगर्जीच्या मागं चार-दोन मातीचे उंचवटे होते, त्यांवर काटक्यांचे खुरीस बांधलेले. खुरीस म्हणजे त्यांची उभ्या-आडव्या लाकडाची खूण. त्या उंचवट्यांखाली माणसं आहेत हे कळल्यावर मी तिकडं पाठ करून उभा राहिलो, मग पाठ करणं बरं नाही असं वाटून पुन्हा तोंड केलं.

"हा खुरीस म्हणजे काय असतं?" मी जमादाराला विचारलं.

"ज्याच्यावर आमच्या देवाला मारला ते लाकूड."

"म्हणजे सुळासारखं?"

"सुळासारखंच."

सूळ कोणी आपल्या दारावर कोरून घेतं का? मी म्हटलं, "जमादार, तुमचा देव भ्याला नाही?"

"भ्याला. पुस्तकात आहे तसं. घाम फुटला होता त्याला. तरी गेला."

एवढ्यात पाद्री बाहेर आला. गोव्याचा, अंगानं काटकुळा, काळा झगा आणि कमरेला दोरी. मराठी बोलायचा, पण एकेक शब्द जमिनीवर नीट ठेवून मग पुढचा उचलल्यासारखं. त्याला मी पाद्रीबाबा म्हणायचो. मी शिळा आडवी मांडली, गेरूची कांडी घेतली आणि म्हटलं, सांगा. आणि तिथं त्या दोघांचं जुंपलं.

पाद्रीबाबा म्हणाला, मध्ये खुरीस हवा. मी काढला. जमादार म्हणाला, "नुसता खुरीस तर गोव्यातही आहे, मुंबईच्या टोपीवाल्या इंग्रजांकडेही आहे. ह्या घराची खूण कुठली? मिस्त्री, शेजारी तोफ काढा. तोफेमुळं आम्ही पुण्यात आहोत."

"देवाच्या दारावर तोफ नको," पाद्रीबाबा म्हणाला. "माणूस तोफ बाहेर ठेवून आत येतो."

"बाहेर ठेवली तर चोरीला जाईल, पाद्रीबाबा."

पाद्रीबाबा हसला नाही. त्यानं खुरिसाखाली तीन पायऱ्या सांगितल्या. एक श्रद्धेची, एक आशेची, एक मायेची. त्या मला लगेच पटल्या. पायऱ्या आमच्या घरातलंच काम. तोफेचं भांडण काही मिटेना, तेव्हा मी शिळेच्या चारी कडांना पिळाची दोरी काढली. जामगीसारखी. जामगी म्हणजे तोफ डागायची जळती वात. पाद्रीबाबाला ती आपल्या कमरेच्या दोरीसारखी वाटली असावी, त्यानं खूश होऊन मान डोलावली. जमादारानं मला डोळा घातला. दोघंही आपापल्या जागी जिंकले.

मग पाद्रीबाबानं पुस्तकातून एक चिटुकलं चित्र काढलं. एक बाई उभी, भोवती सूर्याचे किरण, पायाखाली चंद्राची कोर. "हे घर हिच्या नावाचं," तो म्हणाला. "आमच्या देवाची आई. हिचा चेहरा दगडात नको. मूर्ती मी गोव्याहून आणणार आहे. पण खूण हवी. वर सूर्य, आणि खुरिसाच्या पायाशी चंद्र. चंद्र बघितला की आमच्या माणसाला कळेल, आईचं घर आहे."

मी कांडी खाली ठेवली. "चंद्र पायाशी नाही जमणार."

"दगड कमी पडतो?"

"दगड पुष्कळ आहे. चंद्र देव आहे. आमच्या महादेवाच्या डोक्यावर असतो. डोक्यावरचा मी पायाखाली घालू?"

"ह्यात अपमान नाही. ती त्याच्यावर उभी आहे, कारण..."

"बाबा, पाय म्हणजे पाय."

त्यानं पुष्कळ सांगितलं. मी ऐकून घेतलं, पण मान डोलावली नाही. शेवटी त्याला गोव्याला निघायचं होतं, मूर्ती आणायला. जाता जाता म्हणाला, "खाली. लक्षात असू द्या." माझ्या लक्षात होतं. पुढं जे केलं ते विसरून केलं नाही.

तो गेल्यावर मी कोरायला बसलो. मधोमध खुरीस, खाली तीन पायऱ्या, कडेनं जामगी. आणि वर, खुरिसाच्या दोन्ही अंगांना, उजवीकडं सूर्य आणि डावीकडं चंद्र. देवाला देवाची जागा दिली. कोर अशी उतरली होती की जमादार आपला काळा अंगठा तिच्यावरून फिरवत राहिला. "मिस्त्री," म्हणाला, "हे राहणार." शिळा दारावर चढली. गवंड्यानं चुना भरला. पाद्रीबाबा मूर्ती घेऊन परतला, दाराखाली उभा राहून वर बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "मी खाली सांगितलं होतं." मूर्ती बसवायचा सण आता तोंडावर आला होता.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी माझा मेहुणा लोणी काळभोरहून आला. इगर्जीच्या आतल्या भिंतींना लागणारा चुना त्याच्या गाडीतून यायचा होता. मीच त्याला सांगितलं, पट्टी बघायला ये. बैल सोडून तो दाराखाली उभा राहिला, पागोटं मागं सारलं आणि एकदा सूर्याकडं, एकदा चंद्राकडं बघितलं. मला वाटलं, काम आवडलंय.

मग म्हणाला, "दाजी, ही जमीन इनाम झाली व्हय ह्यांना?"

"नाही. चाकरीपुरती आहे. का रे?"

"मंग चंद्रसूर्य कशापायी काढलं?"

मी हसलो. म्हटलं, त्यांच्या देवाच्या आईचे आहेत.

"आसंल. पर आमच्या शिवारात आस्साच दगड हाय. वर चंद्रसूर्य. आमचा आजा सांगायचा, चंद्रसूर्य हायेत तवर ही जमीन त्या देवळाची. त्या दगडाम्होरं नांगर घालायची कुणाची छाती न्हाय."

त्याचं बोलणं संपायच्या आत मला सगळं लक्षात आलं. असे इनामाचे दगड मी स्वतः घडवले होते. सरकारचा कागद वाचून दाखवलेला, कारकून समोर उभा, तेव्हा. उजवीकडं सूर्य, डावीकडं चंद्र. बापानं शिकवलेली तीच जागा, तेच माप. माझ्या मनात देव होते, आणि हातानं मात्र सरकारी सनद कोरून ठेवली होती. कागद नसताना. भर रस्त्यावर, दारावर, सगळ्या पुण्याला दिसेल अशी.

वर बघितलं. सगळ्यात सुंदर उतरलेली तीच कोर होती.

मी जमादाराकडं धावलो. तो मागच्या बाजूला त्या मातीच्या उंचवट्यांपाशी गवत काढत बसला होता. त्याच्या डाव्या कानाशी वाकून सगळं सांगितलं आणि म्हटलं, "शिडी द्या. आत्ता चंद्र काढतो."

तो आधी हसला. मग हसायचा थांबला. हातातलं गवत त्यानं खाली ठेवलं. "खरंच तसं दिसतं?" त्यानं विचारलं. "बघणाऱ्याला वाटेल, जागा कायमची दिलीय?"

"वाटेल. म्हणून तर म्हणतो..."

"मग राहू दे."

"जमादार, हात जाईल."

"हिथं माझी बायको आहे," तो म्हणाला. आम्ही उभे होतो तिथलाच एक उंचवटा. "चाकरी संपली की जागा गेली. मग हिच्यावरून कोण नांगर फिरवेल, कोण घर बांधेल? दगड राहिला तर पुढं कधीतरी कोणी कागद विचारणार नाही. दगड बघतील आणि गप्प बसतील."

"पुढचं पुढं. आत्ता विचारतील आणि मला विचारतील."

"तुला कोण ओळखतो?"

मी भ्यालेला होतो, तरी हे मला सहन झालं नाही. "पुण्यात गणेशपट्टी कोणी केली, हे आंधळा हात फिरवून सांगतो," मी म्हटलं. आणि म्हटल्याबरोबर माझ्याच बोलण्यानं माझे कान गरम झाले. खरंच होतं ते. कोणीही सांगितलं असतं.

जमादारानं शिडी दिली नाही. ती उचलून आत नेली आणि दाराला कुलूप घातलं. मी दिवसभर माळावर फिरत राहिलो. घरी जाववेना, तिथं थांबवेना. रस्त्यावर घोडं दिसलं की निवडुंगाआड होत होतो. मेहुणा चुना उतरवत होता. मध्येच म्हणाला, "दाजी, गाडी रिकामी हाय. अक्का, पोरं, समदी बसा. लोणीत कोण इचारतंय?" माझ्या पायांना ते फार पटलं होतं. मी नाही म्हटलं ते एवढ्यासाठी की पळालो तर चंद्र तसाच राहील आणि गुन्हा कबूल केल्यासारखं होईल.

उन्हं उतरली आणि चावडीचा कारकून आला. सण होणार म्हणून जागा बघायला. दिलेल्या हद्दीबाहेर काही बांधलं का, एवढंच बघायचं होतं त्याला. तट्टावरून उतरला, मागं एक शिपाई. भिंती बघितल्या, मान हलवली. पाद्रीबाबानं त्याला साखर दिली. सगळं ठीक चाललं होतं, आणि जाता जाता तो दारापाशी थांबला. उपरण्यानं कपाळ पुसत वर बघत राहिला.

"जमादार," तो म्हणाला, "ही जागा चाकरीपुरती दिली, असं मीच लिहिल्याचं मला आठवतं. चंद्रसूर्य असेपर्यंत, असं मी कुठं लिहिलं बुवा?"

जमादार बहिरा झाला. दोन्ही कानांनी.

पाद्रीबाबा पुढं झाला. "महाराज, तो आमच्या आईचा चंद्र आहे. आमच्या पुस्तकात आहे."

"असं? दाखवा."

पाद्रीबाबानं चित्र दाखवलं. कारकुनानं ते लांब धरलं, जवळ धरलं. "इथं चंद्र कुठं आहे?"

"पायाखाली."

"आणि दारावर?"

पाद्रीबाबा खोटं बोलत नसे. तो म्हणाला, "वर."

"म्हणजे हे तुमच्या पुस्तकातलंही नाही आणि माझ्या कागदातलंही नाही," कारकून म्हणाला. "मग आहे तरी कोणाचं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मेहुण्यानंसुद्धा.

मी "माझं" म्हणालो असेन. तोंड उघडलेलं आठवतं, आवाज आठवत नाही.

"पुढं ये. हात दाखव. डावा नाही रे."

मी उजवा हात पुढं केला. त्यानं तो हातात घेतला नाही, नुसता वाकून बघितला, बाजारात वांगी बघतात तसा.

"चांगला आहे हात," तो म्हणाला. "उद्या मध्यान्हीला मी परत येणार आहे. तेव्हाही तो मला असाच दिसावा, अशी माझी इच्छा आहे. सरकारनं जेवढं दिलंय तेवढंच दारावर दिसलं, तर दिसेलही." मग शिपायाकडं वळून म्हणाला, "आपल्याला सण बिघडवायचा नाही. लोकांनी वर्षातून एकदा तरी आंघोळ करून यावं."

शिपाई हसला. तट्टू निघून गेलं. अंधार पडायला आला होता. दगडाचं काम अंधारात होत नाही.

घरी आलो. बायकोला मेहुण्यानं आधीच सगळं सांगितलं होतं. तिनं ताट वाढलं. मी भाकरी तशीच ठेवली. ती बघत होती.

"एवढं काय," ती म्हणाली. "सकाळी जा आणि पाद्री म्हणतोय तिथं घाला चंद्र."

"पायाखाली? पाप लागेल. महादेवाच्या डोक्यावरचा आहे तो."

"मग घालू नका. हात गेला तर मी भरवीन. पण रोज जेवताना ऐकावं लागेल, चंद्र किती बरोबर जागी होता ते."

मी ताट बाजूला सारलं.

"अहो, मावळल्यावर कुठं जातो तो?"

"खाली."

"कोणाच्या खाली?"

"जमिनीच्या."

"आणि जमिनीवर कोण उभं असतं? रोज तुमच्या-आमच्या पायाखालनं जातो आणि पलीकडं उगवतो. तेव्हा कोणाला पाप लागतं?"

"तो आपणहून जातो," मी म्हटलं. "इथं मी घालतोय."

तिनं ताट उचललं आणि अंथरूण घातलं. मी पडलो. उजवा हात पोटाखाली घेऊन पडलो होतो, हे मला तिनं नंतर सांगितलं. दोन भयं होती आणि दोन्हींच्या मध्ये माझा एकच हात होता. तसाच ठेवला तर सरकार नेणार, चंद्र खाली घातला तर देव झडवणार. महारोगानं झडलेले हातही मी पाहिले होते.

माझी चूक झाली असं मला तेव्हा वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. चंद्राची जागा वरच आहे. मी फक्त माझ्या हाताची किंमत देऊन त्याला तिथं ठेवायला तयार नव्हतो.

सकाळी नागझरीवर आंघोळ केली. डोकं पुसून वर बघितलं आणि तिथंच थिजलो. वद्य पक्ष होता. अर्धा चंद्र अजून आभाळात, पांढरा, पार उंचावर. त्याला मावळायला मध्यान्ह होणार होती, आणि मध्यान्हीलाच कारकून येणार होता. मनात होतं की तो बुडाल्यावर काम करावं, म्हणजे निदान त्याच्या डोळ्यांदेखत नको. ते आता जमणार नव्हतं.

माळावर गेलो. सारा रस्ता तो माझ्या बरोबर चालत होता. इगर्जीला तोरणं लागली होती. दारात शिडी उभी केलेली, आणि पहिल्या पायरीवर जमादार बसलेला. मला बघून उठला.

"रात्रभर डोळा लागला नाही," तो म्हणाला. "तिच्या जागेसाठी दुसऱ्याचा हात द्यायचा, तर तीच उठून माझ्या थोबाडात देईल. जिवंतपणीही द्यायची." त्यानं शिडीला पाय लावला. "चढ. वरचा आधी काढ, तेवढाच महत्त्वाचा आहे."

"नाही," मी म्हटलं. "आधी खाली."

"वेळ किती आहे?"

"देव हलवायचा तर आधी दुसरीकडं पाट मांडतात, मग हलवतात. उघड्यावर ठेवत नाहीत. आधी खाली त्याची जागा होईल, मग वरून काढीन. आणि सूर्याला हात लावणार नाही. एकट्या सूर्यानं जमीन मिळत नाही कोणाला."

त्यानं कपाळाला हात लावला. मी वर चढलो. गेरूनं सगळ्यात खालच्या पायरीवर कोर आखली, टोकं वर, होडीसारखी. दगड तेवढा होता. कोर काढायला ती मायेची पायरी जाणार होती. पाद्रीबाबा आतून मेणबत्त्यांचा वास घेऊन बाहेर आला तेव्हा त्याला तसं सांगितलं. तो वर बघत म्हणाला, "चालेल. आईच ती."

टाकीचं, म्हणजे छिन्नीचं, टोक रेघेवर टेकवलं. हातोडी उचलली. ती वर गेली आणि तिथंच राहिली. मानेवर ऊन लागत होतं आणि त्या उन्हातही मला पाठीमागं चंद्र जाणवत होता. वळून बघितलं. तसाच होता, पुण्याच्या छपरांच्या वर.

"पाद्रीबाबा," मी म्हटलं, "तिकडं जाऊन उभे राहा. तिकडं नाही, मोकळ्यावर, जिथनं चंद्र तुम्हाला नीट बघेल. विचारलंच त्यानं, तर कोणी मागितलं ते तुम्ही सांगायचं."

मला वाटलं, तो चिडेल. त्यानं टोपी काढली, मोकळ्यावर गेला आणि चंद्राकडं तोंड करून उभा राहिला. जमादारानं शिडी दोन्ही हातांनी धरली.

मग मी पहिला घाव घातला.